गाडीच्या वेळेची भाजी

लासूर स्टेशनाहून गाडीनं भाजी घेऊन येणाऱ्या एका मावशींनी मला या शहरात टिकवलं. हे आधी लिहून टाकते. पुढचं लिहिता लिहिता मी हळूच स्वतःची बाजू घ्यायला लागेन आणि त्यांचं राहूनच जाईल, अशी मला भीती आहे. तसं माझ्याकडून आधी झालेलं आहे.

मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत. आमच्या भागात आठवड्यातून एकदा बाजार भरतो, तिथं त्या पोतं अंथरून बसतात. बाकीच्या दिवशी शहरातले दुसरे बाजार. गाडीचा महिन्याचा पास काढलेला. सकाळी पाट्या घेऊन यायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. आमच्या बाजारापासून रेल्वे स्टेशन पायी पंधरा मिनिटांवर आहे. डोक्यावर पाटी असेल तर वीस. हे मला पाठ आहे, आणि ते का पाठ आहे तेच मला सांगायचंय.

मी किनवटच्या पुढच्या एका खेड्यातली. तिथून इथं यायचं तर एक अख्खी रात्र रेल्वेत जाते. नववीत असताना आई आजारी पडली, घरात करणारं कुणी नव्हतं. "दोन महिने घरी थांब, मग जा शाळेत," असं वडील म्हणाले. ते दोन महिने अजून संपले नाहीत. लग्न होऊन इथं आले तेव्हा या एवढ्या मोठ्या गावात मला ओळखणारा माणूस एकच, आमचे हे. त्यांचं काम चितेगावच्या एका कंपनीत, ठेकेदाराच्या हाताखाली. पैठण रोडच्या अंगाला आमची एक खोली, वर पत्रे, मोरी आतच. पोरगी याच खोलीत रांगायला लागली.

मी मुळात घाबरट. गॅस बंद केला का ते बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येते. दुकानदारानं सुट्टे हातावर ठेवले की लोक मागं उभे आहेत या दडपणानं मोजतच नाही, तशीच निघते, आणि मग घरी येईपर्यंत कमी दिले असतील का याचाच घोर. अशा बाईनं घासाघीस करून कुणाला फसवलं असेल, असं माझ्याकडं बघून कुणाला वाटायचं नाही. मलाही वाटलं नव्हतं.

पोरगी अडीच वर्षांची होती त्या हिवाळ्यात कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला. एक दिवस जेवताना ह्यांनी सांगितलं. माझ्याकडं बघितलं नाही, ताटाकडं बघत बोलले.

"दोन महिने बघू. किराणा आणि भाजी मिळून तीन हजारात भागलं तर ठीक. नाहीतर तू पोरीला घेऊन गावाकडं जा. मी कंपनीतल्या पोरांसंगं राहतो, भाडं वाटून जाईल."

"किती दिवस?"

"ओव्हरटाइम सुरू होईस्तोवर."

ते खोटं बोलत नव्हते. वडीलही तेव्हा खोटं बोलत नव्हते. पण दोन महिन्यांचं काय होतं ते मला माहीत होतं. गावाकडं म्हणजे सासरी, तेही किनवटकडंच. सासूबाई वाईट नाहीत, पण घर थोरल्या जावेच्या हातात. तिथं मी पाहुणी. पहिल्या आठवड्यात पाहुणीला चहा मिळतो, दुसऱ्या महिन्यात तिला चुलीपुढं बसवतात आणि वर्षभरानं ती कुणाची कोण हे कुणी विचारत नाही. आणि पोरगी बापाला फोनमध्ये बघणार. मला ते नको होतं. हातापाया पडून राहायचं नव्हतं, भागवून दाखवायचं होतं.

तीन हजारात तिघांचा महिना. मी कामाला लागले. तेलाची पिशवी रिकामी झाली की कोपरा कापून वाटीत उलटी उभी करायची, सकाळपर्यंत एका फोडणीपुरतं तेल उतरतं. तुरीच्या डाळीत मसूर मिसळायची. भाताला तांदळाऐवजी कणी. चहात साखर एवढी कमी केली की ह्यांनी दोनदा डबा उघडून बघितला. एकदा मोठ्या दुकानात गेले, तिथं 'दोनवर एक फुकट' अशी पिवळी पाटी होती. साबण घेतले. घरी आल्यावर कळलं की महिनाभराला मला एकच लागत होता आणि मी दोनाचे पैसे देऊन आले. नववीपर्यंत शेकडेवारी मला यायची, पण त्या पाटीपुढं डोकंच चाललं नाही. त्या दिवशी मोरीत जाऊन रडले.

किराण्यातलं वाचवायचं तेवढं वाचलं. उरली भाजी. घरमालकाची सून माझ्या शेजारच्याच खोलीत राहते, ती म्हणाली, "बाजार भरताना कशाला जातेस? उठताना जा. पडेल त्या भावात देतात."

मी पोरीला घेऊन दिवे लागायच्या सुमाराला गेले. पहिल्या ओळीतल्या लोकांशी बोलायची छाती झाली नाही. कडेला एक मावशी बसल्या होत्या, डोईवर पदर, बोटं भाजीच्या रसानं काळी-हिरवी झालेली. शेजारी एक लसूणवाले मामा. मी वाकून विचारलं, "मावशी, सांबार कसा दिला?"

"काय?"

मी जुडीकडं बोट केलं. "हे. कोथिंबीर."

मावशी माझ्याकडं बघतच राहिल्या. "कुठली गं तू?"

"किनवटकडची."

"लई लांबून आलीस की माय," त्या म्हणाल्या आणि पोरीच्या हातात एक गाजर दिलं. पोरीनं ते धुवायच्या आधीच कुरतडायला घेतलं.

मी भाव विचारत होते तेवढ्यात त्यांनी मामांना तीनदा विचारलं, "किती वाजले हो?" तिसऱ्यांदा उत्तर आल्यावर त्यांनी समोरचे तीन वाटे एकत्र ढकलले. "घे बाई सगळं, पन्नासला. गाडी आहे माझी."

मेथी, वांगी, टोमॅटो, वर सांबार. वेगवेगळं घेतलं असतं तर शंभराच्या खाली आलं नसतं. मी पिशवी उचलून घरी आले आणि रस्ताभर मला एकच गोष्ट कळत होती. या बाईला गाडी आहे.

पुढच्या बाजारी मी वेळेआधीच गेले, पण मावशींकडं गेले नाही. समोरच्या ओळीत एक बांगड्यांचा गाडा असतो, त्याच्या आडोशाला उभी राहिले. बांगड्या बघायच्या, घ्यायच्या नाहीत. मावशी वेळ विचारायला लागल्या, पोतं झटकायला लागल्या, की मग निघायचं. जाऊन भाव नाही विचारायचा, थेट म्हणायचं, "सगळं उक्तं किती?" उक्तं म्हणजे मोजमाप नाही, जे आहे ते सगळं एका रकमेला. त्या पन्नास म्हणाल्या की मी तीस म्हणायचं. मग चार पावलं जायचं. मग परत यायचं. चाळीसला सौदा पटायचा. एकदा पस्तीसलासुद्धा पटला.

मी अजून दोन गोष्टी करायची. तीस रुपये मुठीत ठेवायची आणि पन्नासाची नोट पिशवीच्या आतल्या कप्प्यात. मूठ उघडून दाखवायची, "एवढेच आहेत हो मावशी." वरचे पाच-दहा कनवटीला खोचलेले, तेही शोधल्यासारखं करून काढायचे. आणि पोरीला न्यायची. थंडीत तिला न्यायची काही गरज नव्हती, शेजारी ठेवता आली असती. पण पोरगी बरोबर असली की मावशी लवकर खाली येतात, हे माझ्या ध्यानात आलं होतं. हे वाक्य लिहिताना मी दोनदा उठून पाणी प्यायले.

बांगड्यांच्या गाड्यामागून मी निघाले की लसूणवाले मामा ओरडायचे, "सिग्नल पडला! उठा मावशी!" मला वाटायचं ते रेल्वेचं सांगतायत. तिथून स्टेशन दिसतसुद्धा नाही. एवढं माझ्या लक्षात यायला नको होतं का?

भाजी मात्र काय असायची! उठत्या बाजारातली मेथी आणि पिवळं पान नाही. वांग्यात कीड नाही. मी ती ह्यांच्यापुढं ओतून दाखवायची. हे हसायचे.

"नववी नापास, पण बाजार विकून खाशील तू."

"नापास नाही, सोडली."

"तेच ते. भागतंय ना?"

पहिला महिना भागला. शंभर-सव्वाशे उरलेसुद्धा. मला इतका माज आला की ती युक्ती मी घरमालकाच्या सुनेलाही शिकवली. "गाडीनं येणाऱ्या बायका बघायच्या. ज्यांना गाडी गाठायचीय त्या ताणून धरत नाहीत." हे माझं वाक्य. माझ्या तोंडून, हसत हसत निघालेलं.

दुसऱ्या महिन्यातल्या पहिल्या बाजाराचं सांगते.

त्या दिवशी सकाळीच ह्यांनी ठेकेदाराचं काहीतरी सांगितलं होतं, अजून दोघं कमी करणार म्हणून. ते आपल्यातले नसतील असंही सांगितलं, पण मी घरातले पैसे परत मोजले. वाटलं, आज चाळीसला नको, तीसलाच आणायची. मुठीत तीस, कप्प्यात पन्नास, कनवटीला काहीच नाही. तेवढं मुद्दाम नाही ठेवलं, म्हणजे हात सैल सुटायला नको.

"उक्तं किती, मावशी?"

"साठ. आज वाल आहे त्यात, बघ. कवळा आहे."

"तीस."

"अगं बाई, वालाचेच तीस होतात."

"एवढेच आहेत." मी मूठ उघडली. पोरीला पुढं केलं.

मामा म्हणाले, "ताई, आज लवकर आटपा. त्यांच्या दोन पाट्या आहेत आज."

मी गेले. चार पावलांऐवजी दहा पावलं गेले. मागं वळून बघितलं नाही, मनात आकडे म्हणत राहिले, वीसपर्यंत. परत आले तेव्हा मावशींनी एक पाटी बांधून ठेवली होती आणि भाजी तशीच समोर होती.

"चाळीस," त्या म्हणाल्या. "आता बोलू नको, घे."

मला तेव्हाही हो म्हणता आलं असतं. पण चाळीस द्यायचे तर कप्प्यातली पन्नासाची नोट काढावी लागणार, आणि आत्ताच तर मी एवढेच आहेत म्हणाले होते. मावशींपुढं खोटं पडायचं नव्हतं मला. म्हणून मी म्हणाले, "तीस घ्या, दहा फोनवरून करते."

मावशींच्या पाटीला त्यांच्या लेकानं फोनवरून पैसे घ्यायचा तो काळा-पांढरा चौकोन चिकटवून दिलेला होता. मी फोन धरला. आकडा टाकला. गोल फिरायला लागलं. बाजारात त्या वेळी सगळेच पैसे पाठवत असतात, रेंज मिळत नाही. गोल फिरतच राहिलं. मावशी एक पाटी डोक्यावर घेऊन, एक कमरेला लावून उभ्या. त्या फोनकडं बघत होत्या, मी फोनकडं बघत होते. नोट पिशवीत होती, हातभर अंतरावर. मी ती काढली नाही.

"झालं का गं?"

"होतंय, होतंय."

लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला.

"राहू दे बाई दहा," मावशी म्हणाल्या. माझ्या मुठीतले तीस घेतले आणि निघाल्या. पळता येत नव्हतं त्यांना, दोन पाट्या होत्या, तरी पळाल्या.

आणि मी? मी पिशवी भरून घेतली. वाल, मेथी, मुळे. तीसला. खरं लिहायचं तर मी खूश झाले होते. घरी येऊन ह्यांना म्हणाले, "आज तर तीसलाच दिलं बघा."

पुढच्या बाजारी मावशींची जागा रिकामी होती. मला काळजी वाटली असं लिहावंसं वाटतंय, पण आधी राग आला. आज नेमक्या आल्या नाहीत! दुसऱ्यांकडं गेले. उठत्या बाजारातली खरी भाजी त्या दिवशी मी पहिल्यांदा बघितली. मेथीची जुडी सोडली तर निम्मी पिवळी. वांगी चिरली तर चारातली दोन फेकायची. ऐंशी रुपये गेले आणि भाजी चार दिवसांत संपली. म्हणजे माझी युक्ती बाकी कुणावर चालत नव्हती. असं का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला मात्र एवढंच वाटलं की आपलं नशीब फिरलं.

त्याच्या पुढच्या बाजारीही जागा रिकामी. मामांना विचारलं.

मामांनी लसणाची साल फुंकली. "गाडी चुकली ना त्यांची. त्या दिवशी. तुमचा फोन चालला होता बघा."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"दुसरी गाडी कुठं लगेच? काळीपिवळी जीपनं गेल्या. ती लासूरपर्यंत जात नव्हती, फाट्यावर उतरवलं. पाट्या घेऊन चालल्या, खड्ड्यात पाय मुरगळला. बसल्यात घरी. पास काढून ठेवलेला वाया, काळीपिवळीचे शंभर वेगळे." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तीस रुपयांची भाजी लई महागात पडली त्यांना."

मी पोरीचा हात धरला आणि काहीच न घेता घरी आले. त्या आठवड्यात आम्ही पिठलं खाल्लं, परत पिठलं, मग नुसती डाळ. ह्यांनी डबे उघडून बघितले. महिन्याचे दहा दिवस बाकी होते आणि माझ्याकडं तीनशे रुपयेसुद्धा नव्हते.

"काय झालं या महिन्यात? गेल्या महिन्यात तर उरले होते."

मी काय सांगणार? भाजीवाली येत नाही म्हणून, असं म्हणाले. ह्यांना ते बहाण्यासारखं वाटलं असणार. त्यांनी फोन काढला, किनवटच्या गाडीला पुढल्या आठवड्यात जागा आहे का ते बघायला लागले. "बघून ठेवतो फक्त," म्हणाले. मी कपड्यांची पिशवी खाटेखालून अजून खाली सरकवली.

तिसऱ्या बाजारी मी दुपारीच गेले. बांगड्यांच्या गाड्यामागं उभी राहिले नाही, हे सांगायला नको, पण सांगते. मावशी आल्या होत्या. एक पाय लांब करून बसलेल्या, घोट्याला फडकं गुंडाळलेलं. मी समोर जाऊन बसले आणि पन्नासाची नोट त्यांच्या पोत्यावर ठेवली. महिन्याच्या त्या उरलेल्या पैशांतली.

"हे काय?"

"त्या दिवशी होते माझ्याकडं. पिशवीत."

मावशींनी नोटेकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आता देतीस व्हय? तवा दिले असतेस तर गाडी गावली असती." आणि हसल्या. मामाही हसले. मला वाटलं जमीन फाटावी.

"उचल ती. पोरीला दूध आण."

"मावशी, मी मुद्दाम गाडीच्या वेळेला यायची."

"मग? आम्हाला काय दिसत नाय?" त्यांनी समोरच्या ओळीकडं हनुवटी केली. "बांगड्याच्या गाड्यामागं लाल पिशवी घेऊन उभी राहायचीस. पोरगी खाली बसून माती खेळायची. मामा म्हणायचे, सिग्नल पडला. तुलाच म्हणायचे."

मावशी मेथीची पानं सारखी करत बोलत राहिल्या, जसं काही विशेष नाही.

"आणि उठत्या बाजारात अशी मेथी उरती व्हय गं? पिवळं पान नाय, काय नाय? दुपारीच काढून ठेवायची मी, पोत्याखाली. तुझ्यासाठी. तू यायच्या टायमाला वर मांडायची."

"मग आधीच का नाही दिलीत?"

"चार गिऱ्हाइकांपुढं तुला चाळीसला दिली की त्या सगळ्यांना द्यावी लागती. म्हणून शेवटाला." मग जरा थांबून, "आणि तुला घासायची हौस लई. करू दिली. त्या दिवशी तेवढं ताणलंस बाई. नायतर मी दर बाजारी वेळेत निघायची."

म्हणजे मी गाड्यामागून ज्या बाईची वेळ चोरत होते, ती माझी भाजी पोत्याखाली झाकून माझीच वाट बघत बसायची. त्या दिवशीही दोन पाट्या घेऊन त्या आधीच जाऊ शकल्या असत्या. माझ्यासाठी थांबल्या होत्या. आणि मी माझ्या हुशारीच्या गोष्टी घरभर सांगितल्या होत्या.

मी विचारलं, का म्हणून.

"माझी लेक तिकडं दिलीय, यवतमाळच्या अंगाला. दिवाळीला येती, सांबार दे म्हणती, आम्ही हसतो तिला. तू पहिल्या दिवशी तसंच म्हणालीस." मावशींनी जुडी बांधून बाजूला ठेवली. "तिलाबी तिकडं कुणीतरी भाजी देत असंल."

मग मी सगळं सांगितलं. तीन हजार, दोन महिने, गाडीत जागा बघून ठेवलीय ते. रडत सांगितलं, बाजारात, लोक बघत असताना. मावशींनी ऐकून घेतलं आणि समजूत काढत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "जुड्या बांधता येतात का?"

"येतात."

"बस मग. माझा पाय असा, वाकवत नाय. दर बाजारी दोनला ये. निवड, बांध, पाणी मार. आता लंगडत जायचं, म्हणून पाचलाच पाटी भरू लाग. आणि पिशवी भरून घेऊन जा. घासाघीस नको अन् काय नको."

मी तिथंच बसले. पोरगी मामांच्या लसणात बसली. त्या दिवशी मी बासष्ट जुड्या बांधल्या. पहिल्या दहा सैल झाल्या म्हणून मावशींनी सोडून परत बांधायला लावल्या. पाच वाजता पाटी त्यांच्या डोक्यावर न देता मी स्वतः घेतली आणि स्टेशनापर्यंत गेले. डोक्यावर पाटी असली की वीस मिनिटं लागतात, ते मला त्या दिवशी कळलं. मावशी लंगडत होत्या, म्हणून पंचवीस लागली. गाडी यायला अजून वेळ होता. फलाटावर बसून आम्ही तिघींनी गाजर खाल्लं.

तो महिना भागला. शेवटचे चार दिवस ओढाताण झाली, पण भागला. पुढच्या बाजारी मावशी दहा किलो ज्वारी घेऊन आल्या, शेजारच्या शेतातली, दुकानापेक्षा पुष्कळ स्वस्त. ती मी तीन बाजारांच्या जुड्यांत फेडली. मेथी सावलीत वाळवून डब्यात कशी ठेवायची, तेही त्यांनीच शिकवलं. ह्यांनी गाडीतल्या जागेचं परत नाव काढलं नाही. वसंतात ओव्हरटाइम सुरू झाला. मी इथंच आहे. पोरगी आता पहिलीत जाते.

पण एक गोष्ट अजून व्हायची आहे. ह्यांना मी हे सांगितलेलं नाही. मी बाजारात मावशींना मदत करते एवढं त्यांना माहीत आहे. तो गाडीचा भोंगा, ती पन्नासाची नोट, पोत्याखालची मेथी हे माहीत नाही. अजून पाहुणे आले की ते म्हणतात, "हिनं तीन हजारात घर चालवलंय, विचारा." आणि मी चहा गाळते. घरमालकाच्या सुनेला मात्र मी जाऊन म्हणाले, ती युक्ती करू नका, त्या बायकांची गाडी चुकते. ती म्हणाली, "अगं, तूच तर शिकवलीस," आणि अजून करते. कधी बाजारात ती दिसते, कुणा भाजीवालीपुढं चार पावलं जाऊन परत येताना. तिला बघितलं की मला मीच दिसते आणि मी जुडीत मान घालते.

मावशी, तुम्हाला वाचता येत नाही असं तुम्हीच सांगता. पोरगी अक्षर अक्षर लावून वाचायला लागली आहे, ती हे तुम्हाला जुड्या बांधताना वाचून दाखवेल. ह्यांना मी त्याआधी सांगितलेलं असेल, हे मी इथं लिहून देते. आणि अजून एक लिहून देते. मी थोडे थोडे पैसे बाजूला टाकतेय, वेळ लागेल, पण एका बाजारी मी सकाळीच येईन. तुम्ही पोतं अंथरायच्या आधी. दोन्ही पाट्या उक्त्या घेईन, तुम्ही पहिला जो भाव सांगाल त्याला, रोख, आणि तुमच्या पाट्या माझ्या डोक्यावर घेऊन तुम्हाला दुपारच्या गाडीत खिडकीशी बसवून देईन.